चिकोडी कुणाची? १८१८ सालचा एक हिशेब

दूधगंगेच्या काठचं सदलगा, पलीकडचा शिरोळ तालुका, खाली चिकोडी, पश्चिमेला निपाणी. या पट्ट्याचं नाव निघालं की आपल्याला १९५६ आणि सीमाप्रश्न आठवतो. पण हा मुलूख कुणाचा, हा वाद त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. १८१८ ते १८२७ या दहा वर्षांच्या आत चिकोडीने तीन धनी पाहिले. आधी निपाणीचे देसाई, मग कोल्हापूरचे छत्रपती आणि शेवटी कंपनी सरकार. त्यातला पहिला बदल ठरला तो पेशवाई कोसळताना कुणी केव्हा बाजू बदलली यावरून.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि दुसरा बाजीराव पुणं सोडून निघाला. पुढचे सात महिने त्याच्या मागे इंग्रजी फौजा आणि त्याच्याबरोबर दक्षिणेतले जहागीरदार, असा प्रवास चालला. १० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला पडला. लगेच कंपनीच्या एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला, त्यातलं एक कलम जहागीरदारांसाठी होतं. दोन महिन्यांच्या आत बाजीरावाची छावणी सोडून घरी परता, जहागिरीला हात लागणार नाही. काही दिवसांतच आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. या मुलखातल्या प्रत्येक वाड्यात तेव्हा एकच खल चालला असणार: राहायचं की निघायचं?

बाजीरावाचा पटवर्धन जहागीरदारांवरचा राग त्यांच्याच परशुरामभाऊंच्या काळापासूनचा. त्यांच्या जहागिरी गिळायला तो टपलेला होता. १८१२ मध्ये पंढरपूरला एल्फिन्स्टननेच मध्ये पडून दक्षिणेतल्या जहागीरदारांना हमी दिली: पेशव्यांची चाकरी नीट करा, सनदी हक्क अबाधित राहतील. म्हणजे १८१७ मध्ये पटवर्धन लढायला निघाले तेव्हा धन्यापासून त्यांचं रक्षण करणारा जामीनदार समोरच्या बाजूला उभा होता. ते परतले यात नवल नाही. तरी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी कंपनीच्या चाकरीत फौज ठेवायला नकार दिला आणि त्याबदल्यात सालीना १ लाख ३५ हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. हार पत्करलेल्या माणसाचं हे मानीपण मला मोठं वाटतं.

कोल्हापूरचं गणित वेगळं. चिकोडी आणि मनोळी हे दोन परगणे निपाणकर आणि कोल्हापूर यांच्यातल्या जुन्या हाडवैराचं कारण होते. सिधोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आप्पासाहेब निपाणकर, हे पेशव्यांचे सरलष्कर. त्यांनी हे परगणे दाबले आणि १८१२ च्या तहात कंपनीने कोल्हापूरकरांना त्यांवरचा हक्क सोडायला लावला, वर मालवणही घेतलं. पाच वर्षांनी हीच कंपनी पेशव्यांविरुद्ध उभी ठाकली, तेव्हा कोल्हापूरच्या आबासाहेब महाराजांनी तिची बाजू घेतली. कालपर्यंत जिने घेतलं तिच्याकडूनच परत मिळण्याची आशा होती, आणि शत्रू पेशव्यांबरोबर होता. कोल्हापूरची गादी आणि पुणं यांच्यातलं वितुष्ट तर पिढ्यानपिढ्यांचं.

निपाणकर मात्र रेंगाळले. बाजीरावाच्या छावणीत राहिले, पण जीव तोडून लढले असं दिसत नाही. निघाले तेही उशिरा. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याची जी गत होते तीच त्यांची झाली. निपाणी राहिली, पण चिकोडी-मनोळी कोल्हापूरला बक्षीस म्हणून गेली.

वाड्यांत हा खल चालू असताना खाली गावांत वेगळंच घडत होतं. धारवाडला कंपनीच्या टॉमस मन्रोकडे फौज अगदी तोकडी होती. त्याने इथल्याच माणसांची शिबंदी उभी केली, तिच्या जोरावर पेशव्यांचे अंमलदार हुसकावले आणि वसूल आपल्याकडे वळवला. नवलगुंदकडे रामराव नावाच्या सुभेदाराने ५०० शिबंदीनिशी अर्ध्याहून जास्त मुलूख घेतला आणि गोविंदराव गोखल्यांना ७०० स्वारांसह किल्ल्यात कोंडलं. वसूल थांबला की फौजेचा पगार थांबतो, पगार थांबला की स्वार घरची वाट धरतो. बेळगावचा किल्ला तीन आठवडे झुंजून १० एप्रिलला पडला. त्या वेढ्यात कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा कंपनीच्या मदतीला होते, कारण त्यांच्या वडिलांना, मल्लसर्जांना, पेशव्यांनी कैदेत ठेवलं होतं.

बाजू कुणाची घ्यायची, असा प्रसंग जगात पुन्हा पुन्हा आलेला आहे. १९४९ च्या उन्हाळ्यात चीनच्या यादवी युद्धात कम्युनिस्ट फौजा वायव्येकडे सरकत होत्या. तेव्हा अलाशानच्या वाळवंटाकाठी मंगोल राजपुत्र देमचुगदोनरोव, ज्याला सगळे दे वांग म्हणत, मंगोलांचं स्वायत्त सरकार उभं करू पाहत होता. पूर्वी जपान्यांशी हातमिळवणी केल्याने त्याच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. शेजारचे मुस्लिम सेनापती मा होंगकुई आणि मा बुफांग आधी लढले, मग परदेशी गेले. सुइयुआन प्रांताचा प्रमुख दोंग छिवू याने १९ सप्टेंबरला प्रांत न लढता कम्युनिस्टांकडे सोपवला, अलाशानच्या राजपुत्रानेही तेच केलं. दे वांग सीमेपलीकडच्या मंगोलियात गेला, तर त्या सरकारने १९५० मध्ये त्याला चीनच्या हवाली केलं. १९६३ पर्यंत तो कैदेत होता. तिथेही विचारसरणीपेक्षा शेजाऱ्याची धास्ती आणि हातातली शिबंदी यांवरच जास्त ठरलं.

आपल्याकडे या काळाबद्दल बोलताना 'फितूर' हा शिक्का सहज मारला जातो, तो मला म्हणूनच पटत नाही. ज्या धन्याने वडिलांना कैद केलं, त्याच्यासाठी बेळगावच्या तटावर मरायचं का, हा कित्तूरच्या देसायांपुढचा खरा प्रश्न होता. चुकलं ते पुढे. कंपनीचा शब्द कायमचा आहे असं या सगळ्यांनी धरलं.

तो शब्द किती टिकला ते बघा. शिवलिंगरुद्र १८२४ मध्ये वारले, दत्तक नामंजूर झाला आणि त्याच ऑक्टोबरात राणी चन्नम्मांना तलवार उचलावी लागली. कलेक्टर थॅकरे मारला गेला, पण डिसेंबरात किल्ला पडला. आबासाहेबांनंतरच्या छत्रपतींनी, कोल्हापूरच्या बुवासाहेबांनी, शेजाऱ्यांवर चढाया केल्या म्हणून १८२७ च्या तहात चिकोडी-मनोळी काढून घेतल्या गेल्या. १८३९ मध्ये निपाणकर वारले आणि निपाणीही खालसा झाली. साथ देणारे, रेंगाळणारे, सगळेच कापले गेले. पटवर्धनांची सांगली-मिरज मात्र टिकली, तीही ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली. वर्षभराने, १ मार्च १९४९ ला, कोल्हापूर.

राजांचे तह छापील मिळतात. चिकोडी, सदलगा, निपाणीच्या पाटील-कुलकर्ण्यांनी त्या दहा वर्षांत वसूल कुणाला भरला, एकाच वर्षाचा दोनदा भरला का, हे मात्र घराघरातल्या मोडी दप्तरांतच सापडेल. तुमच्या माडीवर असं रुमालात बांधलेलं दप्तर असेल, तर ते रद्दीत घालू नका. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात एकदा दाखवा.