अश्वसेवेंतून जीवनाची गोडी

“मागेल तें मिळतें, परीक्षाही पास होतो, पण मुलाला कशांतच गोडी वाटत नाहीं,” ही तक्रार पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येते. अशा घरांतील वडील मंडळींपुढें आम्ही डेन्मार्कमधील एका स्त्रीचें उदाहरण ठेवूं इच्छितों.

लिस हार्टेल या अश्वारोहणनिपुण तरुणीस १९४४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, गर्भवती असतांना पोलिओनें गांठलें. कन्या सुखरूप जन्मली. पण आईच्या गुडघ्यांखालील पायांत शक्ति परत आली नाहीं. दुसऱ्याच्या मदतीवांचून घोड्यावर चढतां उतरतां येईना. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांत, घोड्यास सूक्ष्म इशाऱ्यांवर डौलानें चालविण्याच्या स्पर्धेंत, हार्टेलबाईंनीं ज्युबिली नांवाच्या घोडीवर बसून रौप्यपदक मिळविलें. १९५६ सालीं स्टॉकहोम येथें पुन्हां तेंच यश लाभलें. इतर स्वार पोटऱ्यांच्या दाबानें इशारा देतात. बाईंना शरीराचा तोल किंचित् पालटूनच आपलें मनोगत कळवावें लागे.

त्यांच्या उदाहरणानें अपंगांच्या अश्वारोहणास मोठी चालना मिळाली. संथ चालणाऱ्या घोड्यावर बसलेल्याची कंबर जवळजवळ माणसाच्या चालण्याप्रमाणेंच हालते. ज्या मुलाला चालतां येत नाहीं, त्याच्या शरीरासही ती लय अनुभवास येते.

धडधाकट मुलांना मिळणारा लाभही कमी नाहीं. घोडा हा मूळचा भित्रा, पळून जीव वाचविणारा प्राणी. जवळच्या माणसाच्या अंगाचा ताठरपणा त्याला चटकन् कळतो. त्याच्यापुढें बढाई चालत नाहीं, परीक्षेंतले गुणही उपयोगीं पडत नाहींत. आधीं स्वतःचें चित्त शांत करावें लागतें. शिवाय खरारा करणें, खुरांतील माती व खडे काढणें, वेळेवर चंदी देणें, हीं कामें उद्यांवर ढकलतां येत नाहींत. आपल्या पावलांची चाहूल लागतांच कान टवकारणारा जीव पागेंत उभा आहे, ही जाणीव मुलाला पहांटे अंथरुणांतून उठविते. आपण कोणाच्या तरी उपयोगीं आहों, हें कळलें कीं जगण्याला रस येतो.

मोतद्दाराचें काम आपल्या मुलानें कां करावें, असें कोणी विचारील. विराटाच्या घरीं पांडुपुत्र नकुलानें तेंच काम पत्करलें होतें, हें त्यांनीं आठवावें. घरोघर घोडा बांधा, असें आमचें म्हणणें नाहीं. जवळपास चांगली अश्वारोहणशाळा व जाणता शिक्षक असेल, तर डोक्यावर शिरस्त्राण घालून मुलामुलींना तेथें अवश्य पाठवावें. मात्र शिक्षकांस आधींच सांगावें कीं, पहिला महिनाभर त्यांच्या हातीं लगामापेक्षां खराराच अधिक असूं द्या.