पुस्तकांची भिशी

व्यापारी घरात ‘भिशी’ म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दरमहा ठरावीक रक्कम जमा करायची आणि ज्याची पाळी येईल त्याने ती उचलायची, हा व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. बार्शीतील आम्ही बारा कुटुंबे गेली चार वर्षे अशीच एक भिशी चालवीत आहोत. फरक इतकाच, की तीत रक्कम निघत नाही, कादंबरी निघते. ज्या घराची पाळी असेल त्याने आपल्या आवडीची एक कादंबरी सुचवायची, ती महिनाभर सर्वांनी वाचायची आणि बाजार बंद असतो त्या दिवशी दुपारी चार वाजता त्या घरी जमायचे. त्या दिवशीचे जेवणही त्याच घरी, आणि तेही त्या कादंबरीच्या प्रदेशाला व प्रसंगाला धरून.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या घरांतून वाचन होत नाही असे मुळीच नाही. स्वाध्याय चालतो, प्रवचनांची पुस्तके येतात, मासिके येतात. कादंबरीला मात्र रिकामपणाचा उद्योग समजण्याची रीत पडून गेली आहे. त्यातच घरात गुजराती किंवा मारवाडी, गल्ल्यावर मराठी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी अशी भाषांची वाटणी झालेली. परिणामी मुलांना तिन्ही भाषा बोलता येतात. परंतु आपण ज्या मातीत व्यापार करतो तिथल्या माणसांचे अंतरंग ज्या पुस्तकांत आहे, ती पुस्तके त्यांच्या हाती पडत नाहीत. नुसते ‘पुस्तक वाचा’ म्हटले तर कोणी येत नाही. ‘जेवायला या’ म्हटले तर सर्व येतात. या साध्या अनुभवावर आमची भिशी उभी आहे.

नियम थोडे आहेत आणि ते कसोशीने पाळले जातात. पुस्तकाच्या चार प्रती सामाईक वर्गणीतून घ्यायच्या व तीन-तीन घरांत फिरवायच्या. जेवणात तीनहून अधिक पदार्थ करायचे नाहीत, म्हणजे कोणा गृहिणीवर भार पडत नाही आणि चढाओढही लागत नाही. कंदमूळ वर्ज्य. जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेच पाहिजे. चर्चा मात्र नंतर कितीही वेळ चालावी.

अळणी भाजीचा धडा

पहिली कादंबरी होती ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली व १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘पत्रावळ’ नावाचे एक प्रकरण आहे. यजमान काकींनी बाजारातून पळसाची वाळलेली पाने आणून, पाण्यात भिजवून मऊ केली आणि मुलांना सांगितले, की ज्याची पत्रावळ त्यानेच लावायची. पहिल्या तासात निम्म्या पत्रावळी फाटल्या. तथापि, शेवटी प्रत्येक मूल आपण लावलेल्या पानावरच जेवले.

बेत कोकणी ठेवला होता : भात, आमसुलाचे सार आणि दुधी भोपळ्याची भाजी. भाजीत मीठ घातलेले नव्हते व ते कोणास सांगितलेही नव्हते. काही जणांनी निमूट खाल्ली, काहींनी इकडेतिकडे पाहिले, एकाने मीठ मागितले. मग काकींनी ‘अळणी भाजी’ हे प्रकरण वाचून दाखविले. भाजीत मीठ घालायचे राहून गेलेले असताना, करणाऱ्या माउलीला वाईट वाटू नये म्हणून वडील एक शब्द न बोलता ती खातात, हा त्यातील कथाभाग. आपल्याकडे मिठाचा त्याग हे रसपरित्यागाचे एक रूप आहे आणि ते आपण स्वतःच्या संयमासाठी करतो. दुसऱ्याचे मन राखण्यासाठीही मीठ सोडता येते, ही गोष्ट त्या दिवशी लहानांबरोबर थोरांच्याही ध्यानात आली. त्यानंतर कित्येक घरांतून ताटावर बसून नावे ठेवण्याचे प्रमाण कमी झाल्याचे सुनांकडून ऐकतो.

माणदेशाची भाकरी, मेसचा हिशेब

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) निघाली तेव्हा पुरुषमंडळींचा उत्साह अधिक होता. माणदेशातील धनगरवस्ती, तेथे आलेला तरुण मास्तर, आणि गावाने मिळून उभारलेली तालीम. जेवणाला बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि शेंगदाण्याची चटणी होती. चटणीत लसणाऐवजी भाजलेले जिरे. मटकीची उसळ करण्याचा विचार होता, परंतु मोड आलेले कडधान्य काही घरांत चालत नाही, म्हणून माडग्यावर एकमत झाले. पथ्य सांभाळून त्या त्या प्रदेशाची चव आणणे ही एक कलाच आहे. कढी करायची तर डाळीचे पीठ लावण्याआधी ताक तापवून घ्यावे, म्हणजे द्विदलाचा दोष राहत नाही, अशा बारीकसारीक गोष्टी नव्या सुना सासवांकडून या निमित्ताने शिकल्या.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) तरुणांनी निवडली व यजमानपणही त्यांनीच केले. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरच्या अंगावर वसतिगृहाच्या मेसचा कारभार येतो आणि हिशेब काही जुळत नाही. मुलांनी त्या दिवशी मेस काढली : पोळी, पातळ वरण, भात. खर्चाचा हिशेब फळ्यावर मांडला, आणि काय योग पाहा, एकशे चाळीस रुपये कमी पडले! ते कोणी भरायचे यावरून जी चर्चा झाली, ती बँकेच्या कोणत्याही बैठकीपेक्षा जोरदार होती. मात्र दुकानात पाऊल न टाकणाऱ्या एका मुलाने त्या दिवशी प्रथमच वडिलांना विचारले, “तुम्ही इतक्या वर्षांत तूट आली तर कोणाला सांगत होता?”

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला (१९५९) एकच पदार्थ आणि तोही एकदाच वाढायचा, दुसऱ्यांदा मागायचा नाही, असे ठरले. उपभोगाने तृप्ती होत नाही हे ज्या कादंबरीचे सूत्र, तिच्यासाठी पंचपक्वान्ने करणे विसंगत झाले असते.

छप्पनिया

या चार वर्षांत सर्वांत खोलवर गेली ती मात्र एक गुजराती कादंबरी, पन्नालाल पटेलांची ‘मानवीनी भवाई’ (१९४७). विक्रम संवत १९५६ म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ हा तिचा विषय. गुजराती घरांतून तो ‘छप्पनियो’ आणि मारवाडी घरांतून ‘छपनिया काळ’ म्हणून आजही बोलण्यात येतो. ज्यांना गुजराती लिपी येत होती त्यांनी मुळातून वाचली. ज्यांना येत नव्हती त्यांच्यासाठी आमच्यातील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजी रोज दुपारी दोन तास वाचून अर्थ सांगत. मराठी चर्चेत आजवर कोपऱ्यात बसून राहणाऱ्या या आजी त्या महिन्यात आमच्या शिक्षिका झाल्या.

जेवण काय करावे, यावर मतभेद झाले. उपासमारीच्या कथेवर जेवण घालणे अशोभनीय आहे असे काहींचे म्हणणे. शेवटी नुसती मूगडाळीची खिचडी करावी आणि प्रत्येकाने उभे राहून, रांगेत, द्रोण पुढे करून ती घ्यावी असे ठरले. कादंबरीत ज्याने जन्मभर धान्य पिकविले त्या शेतकऱ्यावर सदाव्रताच्या रांगेत हात पसरण्याची वेळ येते आणि भुकेपेक्षाही ती लाचारी त्याला अधिक बोचते. वाढणारे हात नेहमी आपले असतात. रांगेत उभे राहण्याचा प्रसंग आमच्यापैकी बहुतेकांवर कधी आला नव्हता. पाच मिनिटांचीच ती रांग, पण कोणी बोलत नव्हते.

जेवणानंतर धान्याचे एक जुने व्यापारी, वय ऐंशीच्या पुढे, बोलू लागले. १९७२ च्या दुष्काळात सरकारी मिलो आणि सुकडीवर लोक दिवस काढीत होते. त्यांच्या वडिलांनी दुकानापुढे धान्यवाटप सुरू केले होते. “दिवसा मजूर येत,” ते म्हणाले, “आणि अंधार पडला की आमचेच शेतकरी येत, ज्यांच्या गाड्या सुगीत आमच्या दारी लागत. वडील दिवा बारीक करायला सांगत. मला वाटे, तेल वाचवतात. दिवा का बारीक करीत होते ते आज समजले.”

त्यांच्या मुलाने आणि नातवाने ही गोष्ट प्रथमच ऐकली. त्या पेढीवर अडलेल्या कुळांना मदत देण्याची पद्धत त्यानंतर बदलली : नाव पुकारले जात नाही, फोटो काढला जात नाही, पोते घरपोच जाते. मी छत्तीस वर्षे कर्जाचे अर्ज पाहिले. अर्जदाराची पत कशी तपासावी याचे प्रशिक्षण आम्हांला पुष्कळ मिळाले. मागणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते. ते या कादंबरीत होते.

आपल्याकडे आरंभ करताना

ज्यांना अशी भिशी सुरू करावीशी वाटेल त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आरंभी सहा घरे पुरेत. पहिली कादंबरी दोनशे पानांच्या आतली असावी, म्हणजे दुकान सांभाळूनही ती वाचून होते. ज्याने वाचले नसेल त्याला हिणवू नये. त्याने ऐकावे, पुढच्या वेळी तो वाचून येतो. पुस्तकातील पदार्थ जसाच्या तसा करण्याचा अट्टहास नसावा. त्या प्रदेशाचे एक धान्य, एक चटणी पुरते. प्रश्न मात्र एक तरी असा काढावा, की जो आपल्या घराला आणि पेढीला लागू पडेल. नाहीतर चर्चा ‘छान आहे, आवडली’ यापुढे सरकत नाही. आणि घरातील वृद्धांना आवर्जून बसवावे. पुस्तक वाचता आले नाही तरी चालेल. त्यांच्यापाशी जे आहे ते छापलेले नसते.

चातुर्मासात विहार थांबतो, प्रवासही कमी होतात, घरातील माणसे घरी असतात. आरंभाला याहून चांगला काळ कोणता? येत्या आषाढात आपापल्या गावी एक तरी कादंबरी निघावी, आणि तिच्या निमित्ताने आजोबा-नातू एका पंगतीला बसून एकाच पुस्तकाविषयी बोलावेत, अशी विनंती सुज्ञ वाचकांस करतो.