आकडीची औषधे आणि उन्मादविकार : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

आकडी थांबविण्याकरिता निर्माण झालेली औषधे मनोविकारांत दिली जातात, याचे नवख्या विद्यार्थ्यास आश्चर्य वाटते. रोग्याच्या घरच्यांस तर ते संशयास्पदच वाटते. ज्याला फेफरे येत नाही त्याला फिटची गोळी कशाला, हा त्यांचा प्रश्न असमंजसपणाचा नव्हे. त्याचे अर्धे उत्तर औषधशास्त्रात आहे. उरलेले अर्धे, निदान धाराशिवसारख्या जिल्ह्यात, हवापाणी, मजुरी आणि आरोग्यव्यवस्था यांत शोधावे लागते.

हा उपयोग तर्कापेक्षा निरीक्षणातून आला. व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ मध्ये तयार झाले आणि दीर्घकाळ केवळ द्रावक म्हणून वापरले गेले. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये काही द्रव्यांची परीक्षा चालू असता, ती ज्यात विरघळविली होती तो द्रावकच आकडी रोखतो असे आढळले. १९६६ मध्ये लांबेर यांनी त्याच्या एका रूपाचा उन्माद-अवसाद विकारातील उपयोग मांडला. कार्बामाझेपिन हे १९५३ मध्ये बाझेल येथील गायगी कंपनीत शिंडलर यांनी सिद्ध केले. ते घेणाऱ्या अपस्माराच्या रोग्यांची मनःस्थितीही सुधारते असे दिसले, आणि १९७० नंतर जपानमध्ये ओकुमा यांनी त्याची उन्मादावर पद्धतशीर परीक्षा केली.

उपपत्ती मागाहून आली. मेंदूस वारंवार मंद उत्तेजना दिली असता पुढे उत्तेजनेवाचूनही आकडी येऊ लागते. उन्मादाचे झटकेही असेच पेटत जात असावेत, अशी कल्पना अमेरिकेत रॉबर्ट पोस्ट यांनी मांडली. कल्पना मोहक खरी. पण ती पूर्णांशाने खरी असती तर आकडी थांबविणारे प्रत्येक औषध उन्मादही थांबविते. तसे झाले नाही. गॅबापेंटिन व टोपिरामेट उन्मादाच्या नियंत्रित चाचण्यांत निष्फळ ठरली. लॅमोट्रिजिन मुख्यतः अवसादाची पुनरावृत्ती टाळते, चढलेला उन्माद उतरवीत नाही. उलट १९४९ मध्ये केड यांनी उन्मादावर वापरलेले लिथियम मुळी आकडीचे औषधच नव्हे. मात्रा विषारी झाली तर तेच आकडी आणते. तात्पर्य, ‘आकडीरोधक’ हे नाव मनोविकारांपुरते कोणतीही हमी देत नाही; प्रत्येक औषध स्वतंत्रपणे पारखावे लागते.

असे असूनही व्हॅल्प्रोएट लिथियमच्या पुढे का जाते, हे बालाघाटाच्या या अवर्षणप्रवण भागात चटकन समजते. रक्तातील लिथियम सामान्यतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट ठेवावे लागते, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखेच वागविते. घामावाटे पाणी व मीठ गेले की ते सोडियमबरोबर लिथियमही राखून ठेवते आणि रक्तातील प्रमाण चढते. वैशाखातल्या उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाला, पाण्याची टंचाई असताना, हे सहज घडू शकते. त्यातच अंगदुखीवर घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनने ते आणखी वाढते. रक्ततपासणी गावाजवळ होत नसेल, तर लिथियम टाळणारा डॉक्टर बेफिकीर नसतो, सावध असतो.

परंतु या सावधपणाची किंमत आहे. २०१० च्या ‘बॅलन्स’ चाचणीत विकाराची पुनरावृत्ती रोखण्यात लिथियम एकट्या व्हॅल्प्रोएटहून सरस ठरले. आत्महत्या टळण्याबाबतही लिथियमच्या बाजूने जितका पुरावा आहे, तितका व्हॅल्प्रोएटच्या बाजूने नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या दोन जिल्ह्यांत शासनाने २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान सुरू केले, त्यांत यवतमाळबरोबर तेव्हाचा उस्मानाबाद होता. अशा जिल्ह्यात हा फरक केवळ ग्रंथातला राहत नाही.

दुसरी किंमत स्त्रियांना मोजावी लागते. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट घेतल्यास शंभरांपैकी सुमारे दहा अर्भकांत गंभीर व्यंग आढळते. तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक व वर्तनविषयक वाढीत अडथळे येऊ शकतात. गर्भाची मज्जानलिका अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते, म्हणजे अनेकदा पाळी चुकल्याचे ध्यानी येण्यापूर्वी किंवा येते न येते तोच. त्यामुळे दिवस राहिल्यावर औषध बदलू, ही योजना मुळातच उशिराची. आणि फॉलिक आम्लाने हा धोका पुरता जात नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भधारणा शक्य असलेल्या मुली व स्त्रियांना हे औषध देऊ नये असे स्पष्ट केले. जिथे मुलींची लग्ने लवकर होतात, तिथे सोळा वर्षांच्या मुलीलाही ‘अजून प्रश्न नाही’ म्हणून यातून वगळता येत नाही.

म्हणून एकाच गावातील दोन रोग्यांस एकच औषध योग्य ठरेलच असे नाही. प्रौढ पुरुषास व्हॅल्प्रोएट बरे पडेल. तरुण स्त्रीच्या बाबतीत क्वेटियापिनसारखे औषध, लॅमोट्रिजिन किंवा तपासणीची सोय असल्यास लिथियम यांचा विचार आधी करावा लागेल. चालू औषध मात्र एकाएकी तोडता येत नाही; तसे केल्यास विकार उसळतो. बदलास आठवडे लागतात, आणि तेवढा काळ रोगी हाताशी असावा लागतो. ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर बाहेर पडतो तो गाळप संपल्यावरच परततो. तेव्हा बाईला मूल हवे आहे काय, ती कोणते साधन वापरते, वेदनाशामक गोळ्या किती घेते, हे विचारण्याची आणि औषध बदलण्याची वेळ पावसाळ्यातली आहे. दसऱ्याच्या सुमारास केवळ पाच महिन्यांच्या गोळ्या बांधून देता येतात.