आधी मोजा, मग घ्या

मी कविता लिहिणारा माणूस. संगणक शिकलो तो पहिल्या संग्रहाची अक्षरजुळणी स्वतः करायच्या हौसेनं. एका रात्री चार फायली एकदम उघडल्या. मेमरी संपली, डिस्क खरखरत राहिली, पडदा गोठला आणि त्या रात्री लिहिलेल्या दोन कविता गेल्या. पुन्हा त्या तशा जमल्या नाहीत.

म्हणून परवा भाचा म्हणाला, ‘मामू, एका संगणकावर सहा खिडक्यांत गेम चालवायचाय,’ तेव्हा ती रात्र आठवली.

तो ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळतो. आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं २००३ मध्ये आणलेला अंतराळातला खेळ. यात खनिज काढणारं जहाज वेगळं, माल वाहणारं वेगळं, पहारा करणारं वेगळं. काही खेळाडू तीन-चार खाती काढून ही सगळी जहाजं एकटेच चालवतात. बहिणीनं शिवणकाम करून भिशीतून ऐंशी हजार जमवले होते आणि चिरंजीव त्यातले निम्मे ग्राफिक्स कार्डावर घालायला निघाले होते. मी म्हटलं, थांब. आधी हिशेब.

पहिला प्रश्न असतो खिडक्या किती हा. एकदम अनेक खाती चालवायची तर या खेळात प्रत्येकाचं शुल्क भरावं लागतं. फुकटचं खातं दुसऱ्याच्या जोडीला चालत नाही. शिवाय एक कळ दाबून सगळ्या जहाजांना हुकूम सोडणारी युक्ती १ जानेवारी २०१५ पासून तिथं निषिद्ध आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नंही २०२० मध्ये असाच नियम केला. म्हणजे प्रत्येक खिडकी आपल्याच हातानं सांभाळायची. हात दोनच आहेत, हे कळल्यावर सहाच्या चार झाल्या.

दुसरं काम मोजायचं. भाच्याच्या मित्राकडे चांगला संगणक होता. तिथं एकच खिडकी उघडून टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं. तिला सुमारे अडीच जीबी रॅम लागत होती. चार खिडक्यांचे दहा जीबी, विंडोजचे चार-पाच. झाले पंधरा. सोळा जीबीत हे काठोकाठ भरतं. ब्राउझर उघडला की सांडतं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे कपाट. ओट्यावर जागा उरली नाही की हातातलं पातेलं कपाटात ठेवायचं, लागलं की पुन्हा काढायचं. माझ्या कविता त्या ये-जा करण्यातच गेल्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले, तरी काटकसर इथं करायची नाही. सोळाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या. जोडीनं लावल्या की वेग मिळतो आणि चार खाचांचा मदरबोर्ड असेल तर दोन खाचा पुढच्यासाठी मोकळ्या राहतात.

प्रोसेसरचंही तसंच. असा खेळ मुख्यतः एक-दोन कोअरवर भार टाकतो. खिडक्या वाढल्या की कोअर वाढवावे लागतात. चार खिडक्यांना आठ कोअर बरे. मात्र नुसता आकडा पाहू नये. इंटेलनं २०२१ पासून बऱ्याच प्रोसेसरांत थोरले आणि धाकटे असे दोन प्रकारचे कोअर दिले. दहा कोअर लिहिलेल्या आय-फाइव्ह १३४०० मध्ये थोरले सहाच असतात.

आता ग्राफिक्स कार्ड. प्रत्येक खिडकी आपली चित्रं कार्डाच्या मेमरीत वेगळी ठेवते, म्हणून तिथं वेगाइतकीच जागा पाहायची. २०२३ चं आरटीएक्स ४०६० हे २०२१ च्या ३०६० पेक्षा वेगवान, पण त्यात आठ जीबी; ३०६० च्या मोठ्या आवृत्तीत बारा. एका खिडकीला पावणेदोन जीबी लागत असतील तर चारांना सात. आठात मग हलायलाही जागा राहत नाही. आम्ही बारावालं घेतलं.

मुशायऱ्यात एक कवी वाचतो तेव्हा बाकीचे गप्प बसतात. इथं चौघंही एकदम वाचतात. त्यावर उपाय आहे. मागच्या खिडक्यांची चित्रगती सेकंदाला वीस-तीसवर बांधून ठेवायची. पैसा न लागता प्रोसेसर आणि कार्ड, दोघांचाही भार उतरतो.

खिडक्यांबरोबर वाढत नाही ती डिस्क. चारही खिडक्या खेळाची एकच प्रत वापरू शकतात. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरली. जुनी फिरती डिस्क मात्र नको. चौघांनी एकदम मागितलं की ती दमते. पॉवर सप्लाय नावाजलेला, साडेपाचशे वॉटचा घेतला. आपल्याकडची वीज आणि उन्हाळा पाहून यूपीएस आणि एक जादा पंखाही.

लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून दोन दिवसांत संगणक उभा केला. चार खिडक्या, गप्पांचा प्रोग्राम, ब्राउझर, सगळं उघडलं. बहीण शिलाई सोडून मागे येऊन उभी राहिली. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा आकडा अठरावर थांबला.

‘सोळाच घेतली असती तर?’ तिनं विचारलं.

भाचा माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘तर मामूंच्या कवितांसारखं झालं असतं.’