पोटात राहिलेला गॉझ आणि हातून गेलेली मुदत

शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, रुग्ण घरी येतो. पण पोटातले दुखणे काही थांबत नाही. 'टाके ओढत असतील, होईल बरे' अशी समजूत घातली जाते आणि वेदनाशामक गोळ्यांवर दिवस निघतात. गोव्यातील सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका महिलेचे असे सुमारे ९ वर्षे चालले. १९९३ मध्ये मुंबईत त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. पोटात गॉझ राहिल्याचे त्यांना कळले ते २००२ मध्ये. पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि २००४ मध्ये त्यांनी राज्य ग्राहक आयोगाकडे ५० लाख रुपयांची भरपाई मागितली. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तक्रार मुदतबाह्य ठरवली.

ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीसाठी २ वर्षांची मुदत असते. इजा लपलेली असेल, तर ती कळल्यापासून, किंवा सर्वसाधारण दक्षता घेतली असती तर कळू शकली असती तेव्हापासून, ही मुदत मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. मात्र शस्त्रक्रियेनंतर लगेचच वेदना सुरू झालेल्या असताना, स्वतः अनुभवी परिचारिका असूनही त्या शल्यचिकित्सकाकडे परत गेल्या नाहीत, यावर न्यायालयाने बोट ठेवले. दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडील सवय पाहता हा निकाल कठोरच वाटतो; पण कायदा आज तोच आहे.

वास्तविक अशा प्रकरणांत चूक सिद्ध करणे तुलनेने सोपे असते. १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका महिलेच्या पोटात कापडी टॉवेल राहिला आणि काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. पोटात राहिलेला टॉवेल स्वतःच निष्काळजीपणाची साक्ष देतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि भरपाईची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. हा निकाल लागेपर्यंत १९९६ साल उजाडले होते.

प्रत्येक अपयश म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागते. सर्वसामान्य कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली की नाही, हीच कसोटी असते. त्यामुळे वकिलाइतकीच गरज असते ती कागदपत्रे वाचून निःपक्ष मत देणाऱ्या दुसऱ्या शल्यचिकित्सकाची. त्यासाठी मुळात कागद हाती हवेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत उपचारांच्या नोंदी देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मात्र आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षेच जपून ठेवण्याचे बंधन असते. ९ वर्षांनी मागायला जाणाऱ्याच्या हाती काय लागणार? अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर सारे काही येत नाही. शस्त्रक्रियेची टिपणे, भूलतज्ज्ञाची नोंद आणि संमतीपत्रही मागावे. २००८ च्या एका निकालानुसार, केवळ तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही.

दाद मागायची कोठे? पैसे घेऊन उपचार करणारी रुग्णालये १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहेत. जेथे काही रुग्ण पैसे भरतात, तेथील मोफत रुग्णांनाही हा हक्क आहे. सर्वांनाच सर्व सेवा मोफत मिळत असतील, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. उपचारांसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आणि २०१९ च्या कायद्यामुळे ती स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही करता येते. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट नाही.

संतापाच्या भरात पुष्कळ जण आधी पोलीस ठाणे गाठतात. मात्र २००५ च्या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देऊ शकत नाही. या दोन्ही ठिकाणी अर्ज प्रलंबित असला, तरी ग्राहक आयोगाची २ वर्षांची मुदत त्यासाठी थांबत नाही.