गोधडीवर नक्षी काढायची तर फूट कोणतं?



रोवणी आटोपली की आपल्या गटांमध्ये जुन्या लुगड्यांची गाठोडी सुटतात. थंडीच्या आत गोधड्या झाल्या पाहिजेत. हाताने धावदोरा घालायला फार दिवस जातात, म्हणून बऱ्याच जणी आता मशीनवर बसतात. सरळ ओळीच मारायच्या असतील तर नेहमीचं फूट पुरतं, पैसे घालवू नका. पण वेल, फुलं, मोर फिरवायचे तर कापड हाताने चारी बाजूंना सरकलं पाहिजे. नेहमीचं फूट ते दाबून धरतं आणि खालचे दाते एकाच दिशेला ओढतात.

अशा कामाला स्प्रिंगचं डार्निंग फूट लागतं. दुकानात 'एम्ब्रॉयडरी फूट' म्हटलं तरी कळतं. सुई वर गेली की ते उचललं जातं, कापड मोकळं होतं. सुई खाली आली की ते कापड धरतं.

मात्र एकच फूट सगळ्या मशीनला बसत नाही. हे मला पैसे घालवून कळलं. गटाच्या पैशातून मी एकदम सहा फुटं आणली. चार बसली. दोघींच्या मशीन कारखान्यातल्या, उंच दांड्याच्या. त्यांना बसली नाहीत. दुकानदाराने परत घेतली नाहीत. बैठकीत मीच म्हटलं, हा खर्च माझ्या नावावर लिहा.

म्हणून आधी मोजा. फूट खाली सोडा आणि ते ज्या स्क्रूने बसवलंय त्याच्या मध्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत पट्टी लावा. पाऊण इंचाच्या आसपास आलं तर बुटका दांडा. घरच्या काळ्या पायमशीन आणि घरगुती झिगझॅग मशीन बहुतेक अशाच. एक ते सव्वा इंच आलं तर उंच दांडा. आणि दुकानात जाताना जुनं फूट काढून सोबत न्या, त्याहून पक्कं माप नाही.

बसवल्यावर फुटाची बारीक दांडी सुई धरणाऱ्या स्क्रूच्या वर टेकली पाहिजे. खाली राहिली तर फूट उचललंच जाणार नाही. चाक हाताने फिरवून बघा. दाते खाली करायची सोय असेल तर करा. नसेल तर टाका शून्यावर ठेवा आणि दात्यांवर सुईपुरतं भोक पाडलेलं जाड कार्ड चिकटवा.

फूट खाली सोडायची दांडी विसरू नका. ती वर राहिली तर वरचा दोरा सैल पडतो आणि गोधडीच्या पाठीला गुंता होतो. पायमशीनवर चाक उलटं गेलं तरी दोरा तुटतो.

काही शिंपीदादा फूट काढून नुसत्या सुईवर भरतकाम करतात. ते पातळ कापड रिंगमध्ये ताणून करतात. गोधडी रिंगमध्ये मावत नाही, सुईबरोबर वर उचलली जाते, आणि ती दाबायला आपण बोट पुढे नेतो. आमच्या एका ताईच्या नखातून सुई आरपार गेली. टिटॅनसचं इंजेक्शन, दहा दिवस काम बंद, त्यात धानकापणीची मजुरीही बुडाली.

लुगड्याचे तीन-चार थर असतील तर 16 नंबरची सुई घ्या. त्याहून जाड गोधडी हातानेच शिवा. विरलेल्या लुगड्याला बंद गोलाचं फूट बरं. पुढून उघडं असलेल्यात नक्षी छान दिसते, पण ठिगळाची कड अडकते.

ती दोन फुटं माझ्या पेटीत तशीच आहेत. बुटक्या दांड्याची मशीन असलेल्या कुणीही मोजून, घेऊन जा.