कळते, पण वळत नाही

व्यायाम चांगला की वाईट, असे कोणत्याही शाळकरी मुलाला विचारा. उत्तर पाठच असते. मग संध्याकाळी मैदाने ओस का पडतात? परिचारिकांच्या अभ्यासक्रमात आरोग्यशिक्षण हा विषय शिकवताना हा प्रश्न मला नेहमी भेटतो. तो समजावण्यासाठी मी थायलंडचे उदाहरण घेते, कारण तिथल्या परिचर्याशास्त्राच्या अभ्यासकांनी किशोरवयीन मुलांच्या व्यायामाचा विषय अनेक वर्षे चिकाटीने हाताळला आहे.

आधी मोजमाप पाहू. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १४६ देशांच्या २०१६ पर्यंतच्या माहितीवरून असे दिसले, की ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले यात कमी पडतात. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के आहे. तेव्हा हे दुखणे एकट्या थायलंडचे नाही.

थायलंडला खेळाचे वावडे आहे, असेही नाही. मुएथाई आणि ताक्रो हे तिथले लाडके खेळ. रत्चनोक इंतानोन ही थाई मुलगी २०१३ मध्ये अठराव्या वर्षी बॅडमिंटनची जगज्जेती झाली. दारू आणि तंबाखूवरील करावर दोन टक्के अधिभार लावून तिथे २००१ मध्ये आरोग्य संवर्धनासाठी खास निधी उभारला गेला. प्रचार भरपूर झाला. तरी घोडे अडते कुठे?

नोला पेंडर या अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ बाईंनी १९८२ मध्ये मांडलेली आरोग्य संवर्धनाची चौकट थाई अभ्यासक बरेचदा वापरतात. ती सोपी आहे. माणूस एखादी सवय लावून घेतो, तेव्हा मनात चार गोष्टींचा हिशेब चालतो. यातून मला काय मिळेल? आड काय येते? हे मला जमेल का? आणि माझ्याबरोबर कोण आहे?

बँकॉकमधली चौदा वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. व्यायामाचा फायदा तिला ठाऊक आहे. पण आड येणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. शाळेनंतर शिकवणी, बाहेर घामाच्या धारा काढणारा उकाडा, उन्हाने रंग काळवंडेल ही धास्ती आणि हातात फोन. त्यात धावताना कुणी हसले, की ‘हे आपल्याला जमणार नाही’ ही गाठ मनात पक्की बसते. फायद्याचा आणखी एक धडा देऊन ती सुटत नाही.

ती सुटते जमल्याच्या अनुभवाने. बँकॉकच्या लुंफिनी उद्यानात (बुद्धाच्या जन्मस्थानावरून हे नाव पडले) संध्याकाळी सामूहिक एरोबिक्स चालते. ऊन उतरलेले असते, पुढे उभ्या असलेल्या शिक्षकाकडे बघून पावले टाकायची असतात. चुकले तरी गर्दीत कुणाचे लक्ष जात नाही आणि सोबत आयतीच मिळते. त्या मुलीच्या यादीतल्या बऱ्याच अडचणी इथे आपोआप गळतात.

वेळेचा प्रश्न मात्र मुलांच्या हातातला नाही. २०१५ मध्ये थायलंडने हजारो शाळांत वर्गातले तास कमी करून दुपारी दोननंतरचा वेळ इतर उपक्रमांना देऊन पाहिला. वेळ मोठ्यांनीच मोकळा करून द्यावा लागतो, ही जाणीव त्यामागे होती.

हे आपल्यालाही लागू पडते. शिकवण्या आपल्याकडेही आहेत, आणि वयात आल्यावर मैदानावरून घरी बोलावल्या जाणाऱ्या मुलीही आहेत. तेव्हा पालकहो, ‘जरा हालचाल कर’ असे बसल्या जागेवरून सांगू नका. ‘चल, आपण जाऊ’ म्हणा. मुलीला संध्याकाळची पाऊण तासाची मोकळीक द्या, तिच्या मैत्रिणीलाही बोलवा. आणि पहिल्या आठवड्यात ती किती धावली हे विचारू नका. उद्या येणार ना, एवढेच विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)